पलीकडे कोण आहे, हे नागरिकालाही पडताळता आले पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझे थोरले बंधू ओझरला राहतात. विमान कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या तपासण्यांसाठी दर वेळी गाडी करून शहरात यायला नको, म्हणून रुग्णालयाने व्हिडिओवरून भेटीची सोय करून दिली. एका शनिवारी सकाळी त्यांच्या मोबाइलवर लिंक आली. त्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागत नाही. लिंक दाबली की ब्राउझरमध्येच पान उघडते, कॅमेरा आणि माइक वापरू द्यायचा का असा प्रश्न येतो, 'हो' म्हटले की समोर माणूस दिसतो. दादांसमोर पांढरा कोट घातलेले एक तरुण गृहस्थ आले. त्यांनी आधी आधार कार्ड कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितले, मग जन्मतारीख विचारली, मग मोबाइलवर नुकताच आलेला ओटीपी मोठ्याने वाचायला लावला. कार्डावरचा क्रमांक नीट दिसत नाही असे ते म्हणाले, तेव्हा वहिनींनी खिडकीचा पडदा सरकवला आणि दादांनी कार्ड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवले. बाराही आकडे पलीकडे वाचून झाल्यावर मग गुडघ्याची चौकशी सुरू झाली.

संध्याकाळी मी फोन केला तेव्हा विचारले, "दादा, डॉक्टर कोण होते?" ते म्हणाले, "शस्त्रक्रिया केली त्यांच्याच हाताखालचे कोणीतरी असतील. लिंक रुग्णालयातूनच आली होती ना." मी विचारले, "रुग्णालयातूनच आली, हे कशावरून?" दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अरे, त्यांच्या मागे भिंतीवर रुग्णालयाचे नाव होते." सोमवारी मी स्वतः जाऊन चौकशी केली. ते गृहस्थ खरोखरच तिथले डॉक्टर होते, लिंकही खरी होती, दादांचे एका पैशाचेही नुकसान झालेले नाही. पण समोरचा माणूस खरा की खोटा हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्या पंधरा मिनिटांत दादांच्या हाती नव्हते, एवढीच माझी तक्रार आहे आणि ती मला लहान वाटत नाही.

दुसऱ्या भेटीच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. वहिनींनी ती लिंक विसरू नये म्हणून घरच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकून ठेवली होती. पुण्याला असलेल्या पुतणीने ठरलेल्या वेळेच्या थोडी आधी सहज ती उघडली आणि ती थेट डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा आले का?" एवढेच त्यांनी विचारले. तिचे नाव, नाते, काहीही कोणी विचारले नाही, आणि तिच्यासमोर दादांचा अहवाल वाचायला सुरुवातही झाली. ती घरचीच मुलगी होती म्हणून ठीक. पण ज्याच्या हाती लिंक तोच रुग्ण, असा याचा अर्थ होतो. म्हणजे इतकी कागदपत्रे दाखवून घेऊनही रुग्णालयाला तरी रुग्णाची ओळख नेमकी पटली होती असे म्हणता येत नाही.

मी दूरध्वनी खात्यात नोकरीला लागलो तेव्हा ट्रंक कॉलचा, म्हणजे ऑपरेटरमार्फत जोडून घ्यायच्या परगावच्या कॉलचा, काळ होता. साधा कॉल आणि 'पीपी' कॉल असे दोन प्रकार असत. पीपी म्हणजे नेमक्या व्यक्तीसाठी नोंदवलेला कॉल. त्याला आकार जास्त पडे, पण पलीकडच्या गावातली ऑपरेटर भगिनी त्या नावाची व्यक्ती फोनवर आली आहे याची खात्री करून मगच जोडणी देत असे, आणि तोवर संभाषणाची वेळ मोजली जात नसे. पुष्कळदा तिला गावातल्या व्यापाऱ्यांचे आवाजही ओळखीचे झालेले असत. तार नीट जोडणे हे एक काम आणि तारेच्या टोकाला हवा तोच माणूस आहे हे पाहणे हे दुसरे काम, हा फरक त्या खात्यात शिपायापासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांना माहीत होता. आजच्या ब्राउझरमधल्या व्हिडिओ संभाषणात पहिले काम फार उत्तम होते आणि दुसरे जवळजवळ कोणीच करत नाही. हे असे का होते, ते वाचकांना कळावे म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

ब्राउझरमधून ब्राउझरमध्ये थेट चित्र आणि आवाज पाठवण्याच्या या तंत्राला वेबआरटीसी म्हणतात. गुगलने २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला जागतिक मानक म्हणून मान्यता मिळाली. संभाषण सुरू होताना दोन्हीकडचे ब्राउझर आपापली एक किल्ली तयार करतात आणि तिच्यावरून निघणारा एक ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, एकमेकांना पाठवतात. पुढचे सारे चित्र आणि आवाज या किल्ल्यांच्या आधारे कुलूपबंद होऊनच जातो. कुलूप न लावता पाठवण्याची मुभाच या मानकात नाही. मोबाइलच्या जाळ्यात असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागे असल्यामुळे पुष्कळदा दोन यंत्रांना एकमेकांपर्यंत थेट वाट सापडत नाही आणि मग मधल्या एका सर्व्हरमार्फत सारे पुढे पाठवले जाते. पण त्यालाही बंद पाकिटेच दिसतात. इथपर्यंत सगळे चोख आहे. खरी अडचण त्या ठशांच्या देवाणघेवाणीत आहे. दोन ब्राउझर सुरुवातीला एकमेकांना ओळखत नसतात, म्हणून ठसे पोहोचवण्याचे काम ज्या संकेतस्थळाचे पान उघडले आहे त्याचाच सर्व्हर करतो. किल्लीवर कोणाचे नाव नसते, कोणाची सही नसते. ती ब्राउझरने स्वतःच बनवून स्वतःच प्रमाणित केलेली असते. म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ जे सांगेल तेवढेच दोन्ही घरांना एकमेकांविषयी ठाऊक असावे, तशी ही स्थिती आहे. मध्यस्थ प्रामाणिक असेल तर प्रश्न नाही. तो लबाड असेल, किंवा त्याच्या सर्व्हरमध्ये कोणी शिरले असेल, तर कुलूप शाबूत राहूनही किल्ली भलत्याच्या हाती जाते.

माझा भाचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. हे सारे मला वाचून पटत होते, तरी डोळ्यांनी पाहावे म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही घरातच एक प्रयोग केला. एक लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, दुसरा आतल्या खोलीत भाचीपाशी आणि तिसरा स्वयंपाकघराच्या ओट्यावर. भाच्याने बनवलेल्या साध्या पानावर मी आणि भाची एकमेकांना दिसू लागलो. मग त्याने ब्राउझरच्या आतल्या नोंदी उघडून ठशाची ओळ दाखवली. दोन-दोन अक्षरांच्या बत्तीस जोड्या, मध्ये विसर्गासारखी टिंबे. माझ्या ठशाच्या पहिल्या चार जोड्या, सात-एफ, शून्य-तीन, बी-आठ, चार-डी, मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतल्या. आतल्या खोलीत भाचीच्या यंत्राकडे 'मामांचा ठसा' म्हणून याच जोड्या पोहोचल्या होत्या. मग त्याने सर्व्हरवरच्या काही ओळी बदलल्या आणि आम्ही पुन्हा कॉल लावला. चित्र तेच, आवाज तोच, पत्त्याच्या पट्टीतली खूणही तीच. "मामा, काही वेगळे वाटते का?" त्याने विचारले. मला काहीही वेगळे वाटले नाही. त्याने मला उठवून स्वयंपाकघरात नेले. ओट्यावरच्या तिसऱ्या लॅपटॉपवर भाची बोलताना दिसत होती आणि आमचे सारे बोलणे तिथे साठवले जात होते. माझा ब्राउझर त्या तिसऱ्या यंत्राशी एक कुलूपबंद संभाषण करत होता, भाचीचा ब्राउझर त्याच यंत्राशी दुसरे, आणि ते यंत्र इकडचे तिकडे देत होते. कागदावर पाहिले तर या खेपेला माझा ठसा एक आणि तिच्याकडे माझा म्हणून पोहोचलेला दुसराच होता. फरक दाखवणारी घरातली ती एकच गोष्ट होती, आणि ती कोणत्याही सामान्य माणसाच्या पडद्यावर कधीच येत नाही.

हे मानक ज्यांनी लिहिले त्यांना हा धोका पूर्ण ठाऊक होता. सुरक्षेविषयीच्या त्यांच्या दस्तऐवजात तो स्पष्ट लिहिलेला आहे आणि त्यावर एक उपायही सुचवलेला आहे. ज्या त्रयस्थ सेवेकडे माणसाचे खाते आहे तिने 'हा ठसा अमक्याचाच' असे प्रमाणित करावे आणि ब्राउझरने स्वतः ते तपासून वापरणाऱ्याला दाखवावे, म्हणजे मधल्या संकेतस्थळावर डोळे मिटून विश्वास ठेवायला नको, अशी ती योजना होती. फायरफॉक्सने ती आपल्या ब्राउझरमध्ये आणली. इतर मोठ्या ब्राउझरांनी आणली नाही. पुढे तो भाग मुख्य मानकातून काढून वेगळ्या मसुद्यात ठेवण्यात आला. मला याचे फार वाईट वाटते, कारण पीपी कॉलच्या ऑपरेटरचे काम यंत्राकडे सोपवण्याची ती चांगली संधी होती. ब्राउझर हे करत नाही म्हटल्यावर जबाबदारी सेवा देणाऱ्या संस्थेवर येते आणि संस्थेला ती जबाबदारी आपली आहे हेच बहुधा माहीत नसते.

दुसरा एक उपाय जुना आणि सोपा आहे. दोन्ही ठशांवरून एक छोटा संकेत काढून तो दोन्हीकडच्या पडद्यांवर दाखवायचा आणि दोघांनी तो एकमेकांना वाचून दाखवायचा. इंटरनेटवरील दूरध्वनीसाठी फिल झिमरमन यांनी मांडलेल्या झेडआरटीपी या पद्धतीत, जिचा दस्तऐवज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, हीच कल्पना आहे. व्हॉट्सॲपमध्ये संपर्काच्या माहितीत साठ अंकी सुरक्षा संकेत असतो, टेलिग्रामच्या कॉलमध्ये चार छोटी चित्रे दिसतात, तीही याच कुळातली. पण ही सोय करताना एक चूक टाळली पाहिजे. ठशाचे नुसते चार आकडे काढून दाखवले, तर मधला लबाड आपली किल्ली पुन्हा पुन्हा बदलून आकडे जुळेपर्यंत प्रयत्न करू शकतो. दहा हजार शक्यता संगणकाला काहीच वाटत नाहीत. झेडआरटीपीमध्ये किल्ली आधी बांधून घेतली जाते, म्हणजे नंतर ती बदलता येत नाही, त्यामुळे त्याला एकच संधी मिळते. असे बंधन घालता येत नसेल तर संकेत लांब ठेवावा लागतो. दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. संकेत दाखवणारे पानही त्याच संकेतस्थळाने दिलेले असते. ते पानच बनावट असेल तर ते दोन्हीकडे जुळणारे आकडे खुशाल दाखवील. म्हणून संकेत वाचणे उपयोगाचे आहे, पण आधी पानाचा पत्ता खरा असला पाहिजे.

चेहरा पाहिला म्हणजे ओळख पटली, ही समजूत तर आता सोडूनच द्यावी लागेल. जुलै २०२३ मध्ये कोळिकोड येथील एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा चेहरा आणि आवाज असलेला व्हिडिओ कॉल आला आणि त्यांनी चाळीस हजार रुपये पाठवले. तो चेहरा संगणकाने बनवलेला होता. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधील एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपले वरिष्ठ पाहिले आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर दुसऱ्या खात्यांत वळते केले. त्या बैठकीत त्याच्याखेरीज दिसणारे चेहरे बनावट होते. 'डिजिटल अरेस्ट' या नावाने चाललेल्या फसवणुकीत तर असे चेहरेही लागत नाहीत, गणवेश आणि मागची भिंत पुरते. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये अशी कोणतीही व्यवस्था कायद्यात नाही हे देशाला सांगितले. दादांनीही भिंतीवरच्या नावावरच विश्वास ठेवला होता.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. रिझर्व्ह बँकेने ९ जानेवारी २०२० रोजी व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पटवण्यास परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी ते नियम आणखी कडक केले. संभाषण बँकेच्या स्वतःच्या सुरक्षित जाळ्यातून सुरू झाले पाहिजे, ते बँकेच्या अधिकाऱ्यानेच केले पाहिजे, ग्राहक भारतातच आहे याची ठिकाणासह नोंद झाली पाहिजे, समोरचा माणूस जिवंत आहे की चित्र हे तपासले पाहिजे, प्रश्नांचा क्रम बदलता असला पाहिजे, आधारचा क्रमांक झाकला पाहिजे, असे बरेच काही त्यात आहे. हे नियम विचारपूर्वक केलेले आहेत. पण त्यांचा सारा रोख बँकेने ग्राहकाला ओळखण्याकडे आहे. याउलट २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने काढलेली दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे मला अधिक न्याय्य वाटतात. दूरवैद्यक सल्ला निनावी असू नये, डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही एकमेकांची ओळख माहीत असावी, आणि डॉक्टरांची पात्रता पडताळण्याची सोय रुग्णाला उपलब्ध असावी, असे त्यांत म्हटले आहे. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दाखवावा असेही आहे. दादांच्या कॉलमध्ये यांतले निम्मेच पाळले गेले आणि ते निम्मे रुग्णालयाच्या सोयीचे होते. जे डॉक्टर आधारचे बारा आकडे वाचून घेतात, त्यांनी आपला नोंदणी क्रमांक सांगायला किती वेळ लागतो?

ही असमानता फक्त रुग्णालयांत नाही. विमा कंपनी, कर्ज देणारी संस्था, शिकवणी वर्ग, नोकरीची मुलाखत घेणारी कंपनी, सगळीकडे लिंक पाठवणारा विचारतो आणि लिंक उघडणारा उत्तरे देतो. दूरध्वनीच्या बाबतीत निदान काही प्रयत्न झाले आहेत. बँका, वित्तसंस्था आणि सरकारी कार्यालये यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांक मालिका राखून ठेवण्यात आली. संकेतस्थळांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव डोमेन आणले. 'जीओव्ही डॉट इन' सरकारी संस्थांनाच मिळते. राखीव पत्त्याचा फायदा असा, की तो पाहून साधा माणूसही काही अनुमान काढू शकतो. पण खासगी रुग्णालयाला असा पत्ता नाही. त्यातही पुष्कळ रुग्णालये व्हिडिओ सेवा तिसऱ्याच कंपनीकडून घेतात, त्यामुळे लिंकमध्ये रुग्णालयाचे नावही नसते. दादांना आलेल्या लिंकमध्ये ते नव्हते. 'कुलपाची खूण दिसते, म्हणजे ठीक आहे' असे अनेकांना वाटते. ती खूण एवढेच सांगते, की तुम्ही त्या पत्त्याशी कुलूपबंद जोडणीने बोलत आहात. तो पत्ता कोणाचा आणि तो माणूस चांगला की वाईट, हे ती सांगत नाही. लोक तिचा चुकीचा अर्थ घेतात हे लक्षात आल्यावर गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचे ते चित्र काढून टाकले.

नाशिक हे ओळखीच्या कागदांचे गाव आहे. देशाच्या पासपोर्ट पुस्तिका नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात आणि शेजारच्या मुद्रणालयात नोटा. नोट हाती आली की दुकानदार ती उजेडात धरून जलचिन्ह पाहतो. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही की कुठे फोन करावा लागत नाही. ज्याला विश्वास ठेवायचा आहे त्याच्याच हाती तपासणीचे साधन दिलेले आहे. व्हिडिओ संभाषणाच्या बाबतीत मला एवढेच हवे आहे.

म्हणून शहरातील रुग्णालयांना आणि अशी सेवा देणाऱ्या इतर संस्थांना माझी विनंती अशी. रुग्ण पहिल्यांदा प्रत्यक्ष येतोच. त्या वेळी दिलेल्या केसपेपरवर व्हिडिओ भेटीच्या पानाचा पत्ता ठळक छापावा आणि संदेशातली लिंक दाबण्याऐवजी रुग्णाने तो पत्ता स्वतः टाकून किंवा केसपेपरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून आत यावे. पान रुग्णालयाच्या स्वतःच्या डोमेनवर असावे, सेवा कोणाकडूनही घेतलेली असली तरी. लिंक पाठवायचीच असेल, तर प्रत्येक भेटीची वेगळी असावी, एकदाच चालावी, आणि ती उघडल्यावर केसपेपरवरचा क्रमांक विचारला जावा, म्हणजे समूहावर गेलेली लिंक कोणालाही दार उघडून देणार नाही. संभाषणाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी आधी आपले नाव आणि नोंदणी क्रमांक सांगावा, मग रुग्णाचे विचारावे. प्रत्यक्ष भेटीत दोघांनी ठरवलेला एखादा शब्द केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, तर वयस्कर माणसालाही तो विचारता येईल. याला कसलेही तंत्रज्ञान लागत नाही आणि बनावट चेहऱ्याला तो शब्द माहीत असण्याचे कारण नाही. सेवा बनवणाऱ्या कंपन्यांनी ठशांवरून काढलेला संकेत पडद्यावर दाखवण्याची सोय द्यावी. तिघे-चौघे एकत्र बोलतात तेव्हा चित्रे बहुधा मधल्या सर्व्हरवर उलगडून पुन्हा बांधली जातात, ही गोष्टही त्यांनी लपवू नये. आणि आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावणे सर्वांनीच थांबवावे. छापील कार्डाचे चित्र कोणालाही दाखवता येते, त्यामुळे त्याने ओळख पटत नाही. क्रमांक मात्र पलीकडे कायमचा जातो. क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार डाउनलोड करण्याची सोय प्राधिकरणानेच दिलेली आहे, ती वापरावी.

यावर कोणी म्हणेल, की मग प्रत्येक व्हिडिओ संभाषणात ओळख सक्तीचीच करा. तसे मुळीच होऊ नये. घरात मारहाण सोसणारी बाई समुपदेशकाशी बोलते, परीक्षेच्या ताणाने खचलेला मुलगा मध्यरात्री मदत मागतो, तेव्हा त्यांना नाव विचारणे म्हणजे त्यांना परत पाठवणे आहे. तिथेही समुपदेशक खरा आहे हे कळण्याचा हक्क बोलणाऱ्याला आहेच, फक्त त्याचे स्वतःचे नाव त्याच्यापाशी राहू द्यावे. ज्याच्या हाती अधिकार, औषध किंवा पैसा आहे त्याने ओळख आधी द्यावी, असा क्रम लावला तर हा गुंता बराच सुटतो.

नाशिकसाठी ही गोष्ट लवकरच तातडीची होणार आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने सिंहस्थ सुरू होण्याचे जाहीर झाले आहे. ज्यांना येणे शक्य नाही असे लोक दूरदेशांतून व्हिडिओवर पूजा सांगण्याची विनंती करतील, आणि गुरुजींचे सोंग घेऊन दक्षिणा उकळणारेही पुढे येतील. आपल्या तीर्थक्षेत्री यावर फार जुना तोडगा आहे. पंचवटीत किंवा त्र्यंबकला यजमान गेला की उपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात, नामावळी काढतात आणि आजोबांनी, पणजोबांनी स्वहस्ते लिहिलेली नोंद दाखवतात. माझ्या वडिलांचे मोडी वळणाचे अक्षर मी असेच एका नामावळीत पाहिले आहे. त्या एका पानाने उपाध्यायांना यजमान पटतो आणि यजमानाला उपाध्याय पटतात. व्हिडिओवरही तीर्थोपाध्यायांनी दक्षिणेआधी त्या घराण्याच्या नोंदीचे पान कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवावे, आणि पुरोहितांच्या संघटनांनी आपल्या सभासदांची भेट आपल्याच संकेतस्थळावरून द्यावी, असे मला सुचवावेसे वाटते.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. एखाद्या संस्थेच्या ऑनलाइन सेवेची बातमी छापताना तिच्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता तपासून छापावा, म्हणजे वाचकांना तो कात्रण करून ठेवता येईल. आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, ही ओळही सोबत असावी.

दादांच्या रुग्णालयाला मी वरील सूचना लेखी दिल्या आहेत. स्वागतकक्षातून पोच मिळाली, त्यावर शिक्का आणि तारीख आहे. उत्तर अजून आलेले नाही. दादांची पुढची व्हिडिओ भेट येत्या महिन्यात आहे आणि 'आधी आपले नाव आणि नोंदणी क्रमांक सांगा' हे वाक्य वहिनींनी मोठ्या अक्षरात लिहून मोबाइलच्या स्टँडशेजारी चिकटवले आहे.

आपला नम्र,
दूरसंचार खात्यातील एक निवृत्त अभियंता
इंदिरानगर, नाशिक
(नाव व पत्ता संपादकीय कार्यालयाकडे दिला आहे.)